गुणवंतराव आणि धानाची माय

नागभीडच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर गुणवंतराव यांना फ्रेंच भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण फ्रेंच चित्रांवर त्यांचा जीव जडला होता. चित्रं म्हणजे छापील. कुणा मोठ्या चित्रकाराचं रंगीत चित्र समोर ठेवून दुसऱ्या कारागिरानं ते तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघांनी कोरायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा आणि मग शाईनं जाड कागदावर उतरवायचं. असल्या चार ऋतूंच्या चार जुन्या चित्रांचा संच एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात होता. साहेब देश सोडून गेला आणि संच मुलूखभर पांगला.

तेव्हापासून मास्तरांचे भोग सुरू झाले. वसंत मिळाला, तर चांद्याच्या फ्रेमवाल्यानं "फालतू पांढरं होतं, छाटून टाकलं" म्हणत कारागिराच्या सहीसकट समास उडवला. उन्हाळा हाती आला तो वाळवीनं चाखलेला. हिवाळा त्यातल्या त्यात धड होता. चौथं, सुगीचं चित्र मात्र सापडतच नव्हतं. बायको कमळा म्हणायची, "तीन हायेत ना? चौथ्यानं काय घर शाकारता येते?" मग मास्तर धुसफुसत ओसरीवर जाऊन बसत. अख्ख्या मुलखात आपलं दुखणं कळणारा एक माणूस नसावा, याचा त्यांना मनापासून संताप यायचा.

त्रेपन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत पत्ता लागला. साहेबाचा खानसामा मुखरू याला ते चित्र बक्षीस मिळालं होतं. मुखरू वारला होता, पण त्याची बायको ताराबाई तलावाकाठच्या गावात मासे धरून पोट भरत होती. मास्तर सायकल हाणत पोचले. चित्र भिंतीवर होतं. डोक्यावर पेंढी घेतलेली फ्रेंच शेतकरीण, आणि तिच्या कपाळावर बोटभर कुंकू! नव्या धानाचा पहिला घास दरवर्षी तिच्यापुढे ठेवला जायचा. हळदीचे शिंतोडे पार खालच्या सहीवर वाळले होते.

"अवो बाई, हे देवी नाई!" मास्तर ओरडलेच. "परदेशातली बाई आहे, कामाले निघालेली!"

"मंग? धान तं तिच्याच डोक्यावर हाय ना," ताराबाई म्हणाली.

पुष्कळ विनवण्या झाल्यावर ती विरघळली. "न्या, गुरुजी. शाळेतले पोट्टे पाहतीन. पण आज नाई. सकाळी तलावावर या." तलावावर कशाला, हे विचारायचं भान आनंदाच्या भरात मास्तरांना राहिलं नाही.

सकाळी ते पोचले तेव्हा ताराबाई गुडघाभर पाण्यात उभी होती आणि चित्र पाण्याखाली होतं. घरचा देव घराबाहेर जायचा तर त्याला पाण्यात थंड करून निरोप द्यायचा, ही तिच्या घरची रीत.

कागद चिंध्यांच्या लगद्याचा, शाई तेलाची, पाण्यानं दोन्हींचं काही बिघडत नाही, हे मास्तर स्वतःच ज्याला त्याला ऐकवत आले होते. आणि खरंच काही बिघडत नव्हतं. उलट कुंकू सुटून कपाळ उजळत होतं, सहीवरचे हळदीचे पापुद्रे निघत होते. पण हे बघायला डोकं ठिकाणावर हवं! मास्तर धोतरासकट पाण्यात घुसले, "सत्यानाश!" म्हणून किंचाळले आणि त्यांनी चित्राला हिसका दिला. ओला कागद कपाळापासून पायापर्यंत टरकन फाटला. अर्धा तिच्या हातात राहिला, अर्धा यांच्या.

मास्तरांना रडू फुटलं. इतक्या वर्षांची वणवण, आणि शेवटी स्वतःच्याच हातानं! तरी मन मानेना. मागून कागद लावून हे सांधता येईल, असं वाटून त्यांनी तिच्यापुढे हात पसरला.

ताराबाईनं आपला तुकडा तोवर खोल पाण्याकडे सोडून दिला होता. "भंगलेला देव कोनाले देत नाई, गुरुजी," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. मग तिनं हात पुढे केला. "तुमच्या हातातला बी द्या."