सोनईचं आभाळ अमेरिकेहून

माझ्या लग्नात माहेरहून फ्रिज येणार होता. मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, फ्रिज नको, संगणक द्या. नगरहून टेम्पोतून तो सोनईला आला तेव्हा निम्मी गल्ली बघायला जमली आणि सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. "लोकांच्या सुना थंड पान्याची सोय घेऊन येतात, आमची पेटी घेऊन आली," असं त्या महिनाभर येईल त्याला ऐकवत होत्या. त्यात त्यांचं शिवणयंत्र खिडकीजवळून हललं आणि तिथे माझी पेटी बसली. झालं, आगीत तेलच!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट हा शब्द आमच्याकडे फक्त पेपरात दिसायचा. मी नगरला डिप्लोमा केलेला, हात नुसते शिवशिवत होते. नवऱ्याने पुण्याहून मोडेम आणून दिला. तो फोनच्या वायरीला जोडला, पुण्याचा नंबर लावला की किर्रर्र, खर्रर्र असा आवाज काढत संगणक पलीकडच्या संगणकाशी बोलायला लागायचा. पडद्यावर चित्रबित्र काही नाही, नुसती अक्षरं. पण ती अक्षरं कुठून यायची, अहो! सातासमुद्रापलीकडून! मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवायचे.

असंच चाळताना मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा संगणक सापडला. तो जगभरच्या शहरांच्या हवामानाचा अंदाज द्यायचा. ठरलेल्या शब्दांत विचारायचं, ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं. आज मुलं याला एपीआय म्हणतात आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटत नाही. त्या यादीत औरंगाबाद होतं! गोदावरी ओलांडली की औरंगाबाद जिल्हाच लागतो, म्हणजे तिथलं आभाळ ते आमचंच. मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहाटे पाचला संगणकाने आपणहून फोन लावायचा, औरंगाबादचा अंदाज मागायचा, फोन ठेवायचा आणि कामाच्या तेवढ्या ओळी छापायच्या. सहाच्या आत फोन स्वस्त पडायचा, म्हणून पाच. पहिल्या दिवशी जाग आली तर प्रिंटरवर कागद लोंबत होता. मी झोपले होते आणि पेटीने अमेरिकेहून निरोप आणून ठेवला होता. मी घरभर नाचले. सासरे पेपरमागे हसले, सासूबाईंनी चहाचं भांडं आपटलं.

कागदावर तारीख मात्र एक दिवस मागची असायची. मी सगळ्यांना समजावून सांगायचे, अमेरिका आपल्या मागे आहे ना, तिकडे अजून कालचाच दिवस चालू आहे. सगळे माना डोलवायचे. शिकलेली सून सांगते म्हटल्यावर डोलवणारच.

चैत्राचे दिवस होते. ऊन मी म्हणत होतं, पण मधूनच अवकाळी यायचा. एका सकाळी कागद म्हणाला, उद्या पाऊस. मी शेजारच्या काकूंना ऐटीत सांगितलं, "आज खुशाल मिरच्या वाळत घाला, पाऊस उद्या आहे." दुपारी धो धो कोसळला. काकूंच्या मिरच्या गच्चीवर पोहायला लागल्या. काकू तशाच ओल्या पदराने आमच्या दारात आल्या आणि मला असं काही सुनावलं की गल्लीत खिडक्या उघडल्या.

त्या गेल्यावर सासूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हे बघ, तुझ्या नणंदेचं लगीन तोंडावर आलंय. रुखवताच्या कुरडया घालायच्या हायती. तुझ्या पेटीनं परत एकदा तोंडघशी पाडलं, तर ती जिथून आली तिथं जाईल. टेम्पोचं भाडं मी देते. आन् देवापुढं दिवा लागायच्या आधी तिची किरकिर मला ऐकू यायला नको. उजाडू दे की आधी! कोंबडंसुदिक दम धरतंय."

मला असला संताप आला! मिरच्या भिजल्या यात पेटीचा काय दोष, आणि किरकिर ऐकून कोणाचं काय बिघडतं? पण बोलते कोणाला? सासूबाईंचा दिवा साडेपाचच्या पुढे लागायचा आणि सहाला फोन महाग व्हायचा. म्हणून मी तणतणतच प्रोग्रॅमची वेळ पावणेसहा केली.

बुधवारी सकाळी दिवा लागला, मोडेम किरकिरला, प्रिंटर करकरला. मी कागद ओढला आणि बघतच राहिले. कागदावर आजची तारीख होती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, परत कागदाकडे. अमेरिका एका रात्रीत पुढे कशी आली? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हवामानवाल्यांचा दिवस इंग्लंडच्या घड्याळावर चालतो. तिकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात आणि तेव्हाच नवा अंदाज येतो. मी रोज पाचला जाऊन कालचा शिळा कागद आणत होते, आणि त्यातला 'उद्या' म्हणजे खरं तर आज! "अहो, उठा! सापडलं!" अशी मी ओरडले की नवरा पलंगावरून पडायचाच राहिला.

आणि मग मी पुढची ओळ वाचली. उद्या, म्हणजे गुरुवारी दुपारी, वादळी पाऊस, गारा. शुक्रवारपासून स्वच्छ ऊन.

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. आमच्या कुरडया गुरुवारीच होत्या. गहू सोमवारी भिजत पडले होते, बुधवारी दळून चीक काढायचा आणि गुरुवारी सकाळी शिजवून कुरडया घालायच्या. हे एकट्या घराचं काम नव्हे. आमच्या गल्लीत सावड असते, म्हणजे सगळ्या बायका आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. वार आधीच वाटून घेतलेले असतात आणि ठरलेला वार मोडायचा म्हणजे दारोदार जाऊन सगळ्यांची मनधरणी करायची. ओल्या कुरडयांवर गारा पडल्या तर रुखवतात काय मांडणार, माती?

मी स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले. "आत्या, चूक पेटीची नव्हती, माझी होती. मी कालचा कागद आज वाचत होते. उद्या पाऊस आहे. आपण एक दिवस पुढे जाऊ."

त्या अंगणात गेल्या. आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं. गहू एक दिवस जास्त भिजत ठेवले तर आंबूस वास मारतात, हे मलाही ठाऊक होतं. त्या मागे वळल्या. "खात्री हाय?"

"कागदावर स्पष्ट..."

"कागदाचं मरू दे. तुला खात्री हाय का, ते इचारते."

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पायांत चपला सरकवल्या आणि निघाल्या. मी मागोमाग. प्रत्येक दारात तेच वाक्य, "आमची सून म्हनतीया उद्या पाऊस हाय. एकेक दिस पुढं सरका." पेटीचं नावसुद्धा घेतलं नाही. कोणी तोंडाला पदर लावून हसलं, कोणी हो म्हटलं. काकू मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी न्हाई सरकायची. तुमचा गुरुवार मला द्या, मी पापड्या घालते."

गुरुवारी सकाळी असलं लख्ख ऊन पडलं की मला रडू यायचंच बाकी होतं. घरात गव्हाचा वास सुटला होता. सासूबाई गव्हाचं पाणी बदलत होत्या. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी ताडपत्री घडी करून ठेवली होती, कशाला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पलीकडच्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र पापड्या पसरल्या होत्या. "काय गं सूनबाई," काकू तिथूनच ओरडल्या, "पाऊस कुटं अडकला? नेवाश्याला यष्टी चुकली व्हय त्याची?"

जेवणं झाली आणि वारा एकदम पडला. घोडेगावच्या अंगाला आभाळ काळं ठिक्कर झालं. मी खिडकीत उभी, आनंदाने ओरडावं की नाही ते कळेना.

"बघत काय बसलीस? चल!" सासूबाई ताडपत्री बगलेत मारून धावत सुटल्या, थेट काकूंच्या जिन्याकडे. आम्ही वर पोचलो आणि टपोरे थेंब सुरू झाले. पदर, चादरी, परात, हाताला लागेल त्यात पापड्या भरल्या, उरलेल्यांवर ताडपत्री ओढली आणि गारांनी पत्रे तडतडायला लागले. जिन्यात आम्ही तिघी चिंब. मला हसू आवरेना. येस! येस! असं मी चक्क सासूबाईंच्या दंडाला धरून ओरडत होते आणि त्या मला, "अगं हळू, पडशील," म्हणत होत्या.

शुक्रवारी ऊन पडलं. गल्लीतल्या बायका सोऱ्या घेऊन आमच्या गच्चीवर आल्या, सगळ्यात आधी काकू. मी कुरडया घालत होते, सासूबाई भल्या मोठ्या पातेल्यात चीक हाटत होत्या. काकू जरा जवळ सरकून मला म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या पेटीला इचार की, परवा माझ्या मिरच्या वाळतील का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. मान वर नाही, हात थांबला नाही.

"तिची कशाला? आमची हाय पेटी. आन् असं कवाबी इचारून चालत न्हाई तिला. उद्या उजाडल्यावर ये."