दुसरी बाही

दहा जून. पुढच्या बुधवारपासून पुन्हा विणायला बसायचं, म्हणून ट्रंकेतली लोकर बाहेर काढली. डांबरगोळ्या वेचून फेकल्या, सुया जोडीने लावल्या. तळाशी काकूंची पिशवी निघाली.

"होतच आलंय गं." काकूंच्या तोंडी कायम हेच. होत काहीच आलेलं नसे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीतल्या पाच-सहा जणी बुधवारी दुपारी माझ्याकडे विणायला जमतात. एप्रिल-मे बंद. हाताला घाम येतो, लोकर चिकटते. शहाणी बाई सुट्टीआधी हातातलं काम संपवते, निदान टाके सुईवरून दोऱ्यात ओवून ठेवते. खालच्या मजल्यावरच्या काकू सुयांसकट सगळं पिशवीत कोंबायच्या आणि पिशवी माझ्या गळ्यात मारायच्या. "तुझ्याकडे राहू दे. माझ्याकडून हरवेल."

जूनमध्ये पिशवी उघडून दचकायच्या. "अगं बाई, हे कुणाचं?"

"तुमचंच. गेल्या वर्षीचं."

"हो का? छान विणलंय की!"

तुमच्या ओळखीतही अशी एखादी असेलच. विणकाम हे तिला बोलायला निमित्त. टाके मोजणं काकूंना कमीपणाचं वाटे. गोष्ट रंगात आली की टाका गळालाच.

"काकू, इथे भोक पडलंय."

"असू दे. बटण लावीन."

"पाठीवर?"

"मग काय झालं? कुणाला दिसतंय!"

मुलाला शाळेत घालायला म्हणून सुरू केलेला स्वेटर तो नोकरीला लागला तरी बिनबाह्यांचाच होता. लग्नानंतर सुनेने तो कपाटात पाहिला आणि "हे जॅकेट कुणी आणलं?" म्हणून विचारलं. ही गोष्ट काकूंनीच आम्हाला हसत हसत सांगितली. लाज म्हणून नाही. काकूंबद्दल मला आदर नव्हता, आणि त्या गेल्या म्हणून तो आता आणणारही नाही.

मार्चच्या सुरुवातीला त्यांना नात झाली. त्या बुधवारी त्या पिवळी लोकर घेऊन आल्या. "हा मात्र पुरा करायचाय. पावसाळ्यात पोरीच्या अंगात दिसला पाहिजे. तू माझ्यावर लक्ष ठेव हं."

मी मान हलवली. विश्वास कशाला ठेवायचा? पण महिनाअखेर पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, गळा झाला आणि एक बाहीसुद्धा. मग सुट्टी लागली.

"दुसरी जूनमध्ये," पिशवी देत काकू म्हणाल्या. "होतच आलंय गं."

मे महिन्यात मी बहिणीकडे कोल्हापूरला असताना काकू झोपेतच गेल्या.

त्याच दुपारी त्यांची सून वर आली. खांद्यावर पोर झोपलेली. "मावशी, आईंचं विणकाम तुमच्याकडे आहे ना?"

मी स्वेटर समोर धरला. ती रिकाम्या बाजूकडे बघत राहिली. "दुसरी बाही तुम्ही कराल? त्यांचा एक तरी पुरा..."

"उद्या देते," मी म्हटलं. "एवढीशी तर बाही."

संध्याकाळपर्यंत बाही झालीसुद्धा. स्वेटरला जोडण्याआधी काकूंच्या बाहीशेजारी ठेवून पाहिली. माझी सरळ, नेटकी. त्यांची मनगटाशी फुगलेली, मध्येच आवळलेली, टाके कमी केले तेही एकाच बाजूने. दोन वेगळ्या मुलांच्या बाह्या वाटत होत्या. एक उसवणं भाग होतं, आणि कुठली ते विणकाम न येणाऱ्यानेही सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी माझी बाही उसवली. काकूंची उशीवर पसरून ठेवली आणि तिच्याकडे बघत नव्याने टाके घातले. त्यांचा हात जिथे सैल पडला होता तिथे सैल सोडला, त्यांनी टाका गाळला होता तिथे गाळला. असं विणायला फार लक्ष लागतं. दोनदा माझा हात आपोआप बरोबर गेला, आणि दोनदा मला मागे जाऊन ती ओळ उसवावी लागली.