मेंड करणारी नोरा

आमच्या हडर्सफील्डच्या गिरणगावात 'मेंड' हा एक शब्द येत असला की निम्मा संसार चालतो. मोडलेलं हाड मेंड होतं, खचलेला रस्ता मेंड करतात, शेगडीत कोळसा घातला तरी म्हणायचं, आग मेंड केली. आमचे पाद्रीबुवा सांगायचे, लॅटिनमध्ये दोषाला जो शब्द होता त्यातूनच हा निघाला. दोष काढून टाकायचा, म्हणजे मेंड. असेल बापडा! गिरणीत मात्र मेंड म्हटलं की नोरा बीव्हर्स. मागावरून आलेल्या लोकरी कापडात सुटलेला धागा बोटांनी हुडकायचा आणि सुईने असा भरायचा, की विणणाऱ्यालाही कळू नये.

एका हिवाळ्यात बया बर्फावर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, पण बोटं वळेनात. मुकादम आर्मिटेजने स्पष्टच सांगितलं, "नोराबाई, आज हा तागा नीट झाला तर खुर्ची तुमची. नाहीतर कँटीनमध्ये कपबशा विसळायच्या." नवरा गेल्यापासून तिला ते एक काम तेवढं उरलं होतं. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर मेंड करत होते.

तिच्या हातातून सुई सारखी गळत होती. मला बघवेना. ती चहाला उठली, तशी मी तिच्या ताग्यात खडूने दाखवलेले दोन दोष पटकन भरून टाकले. ती परत आली, कापडावरून बोट फिरवलं आणि थबकली.

"हे तुझं काम."

"कशावरून गं?"

"धागा जास्त ओढतेस. तुझ्या लग्नाआधीपासून सांगतेय."

आणि मेलीने माझे टाके उसवले!

"अगं, वेडबिड लागलंय का? वेळ कुठाय?"

"आज तू भरशील. उद्या कोण भरणार?" म्हणत ती पुन्हा सुई ओवायला लागली. रागाने माझे डोळे भरून आले.

भोंग्याच्या आधी आर्मिटेजने तागा खिडकीतल्या रुळावरून ओढत उरल्यासुरल्या उजेडात तपासला. शेवटाला थांबला. खडूने गोल केला. नोरा पांढरीफटक पडली.

"हा एक राहिलाय, बाई."

"करते की आत्ता."

"आत्ता उजेड कुठाय? सकाळी आल्या आल्या तुमच्या खुर्चीत बसून करा."

 नोराच्या आधी मीच ओरडले, "करेल, साहेब! सगळ्यांच्या आधी येऊन बसेल!"