डब्यातले बाप्पा आणि कड्यावरची नावं

नागपूरला आईच्या पोटातली गाठ काढायचं ऑपरेशन, आणि मी युटाच्या वाळवंटात! ग्रीन कार्डाचं भिजत घोंगडं. एकदा देशाबाहेर पडले तर परत येता येईल याचा भरवसा नव्हता. "शॉमबर्गच्या आपल्या घरात बसून रडशील, त्यापेक्षा ठरलेली ट्रिप करू," नवरा म्हणाला. मी निघाले, पण देव पाण्यात ठेवून. अगदी खरोखरचे! बोटाएवढे चांदीचे बाप्पा, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि काठोकाठ पाणी. आई शुद्धीवर येईपर्यंत बाहेर काढणार नाही, असं त्यांना बजावलं होतं आणि आईलाही फोनवर सांगितलं होतं. खरं सांगते, त्यात भक्ती कमी आणि धमकी जास्त होती. ते ऐकत असतील का, हीसुद्धा शंकाच होती.

सकाळी भावाचा मेसेज आला, "अजून आतच आहे." मग सिग्नल गेला.

डबा हातात घेऊन मी नवऱ्याबरोबर एका घळीत शिरले. जेमतेम मैलभर चालायचं होतं. दोन्ही बाजूंना उंच लाल कडे आणि त्यांवर, फार पूर्वी खटारे हाकत इथून गेलेल्या लोकांनी कोरलेली नावं. आपल्याकडे गडावर नावं कोरणाऱ्यांना मी शिव्या घालते, पण इथे मान मोडेपर्यंत वाचत उभी राहिले. एवढ्या उंचावर हात कसा पोचला? खटाऱ्याच्या टपावर चढले असतील? पुढे पाणी मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि हे आपले नाव कोरत बसलेत! मला फार नवल वाटलं.

तिथेच एक अमेरिकन आजोबा दगडावर बसले होते. पणजोबांचं नाव शोधायला एकटेच आले होते. चेहरा पांढराफटक, हातात रिकामी बाटली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. अगं बाई! डबा सांभाळायच्या गडबडीत आमच्या दोन्ही बाटल्या गाडीतच राहिल्या होत्या. तो आणायला पळाला.

मी डबा छातीशी धरून उभी राहिले. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर आईचाच विचार केला. मग आजोबांची मान कलली. मी झाकण फिरवलं, बाप्पांना मुठीत घेतलं आणि डबा त्यांच्या ओठांना लावला.

थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "मुठीत काय आहे?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता तुझ्या आईचं काय?"

"आता बाप्पाच बघतील," मी म्हटलं, आणि रडू फुटलं. कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

नवऱ्याने बाटल्या आणल्या, आजोबांना त्यांच्या गाडीपर्यंत सोडलं. हायवेला लागताच फोन वाजला. भावाने आईच्या कानाशी धरला असावा. आवाज खोल गेलेला, पण तिचाच.

"काढ गं बाप्पांना बाहेर. सर्दी होईल त्यांना."

"काढलेत, आई," मी म्हटलं. मूठ अजून मिटलेलीच होती. त्या दिवसापासून मी बाप्पांपुढे फक्त हात जोडते. अट घालत नाही.