दैवशालाचे चार तास

दैवशाला दुपारी चार वाजता दवाखान्यात यायची आणि आठ वाजता घरी जायची. टेंभुर्णीत हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर काकासाहेबांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला रक्त-लघवी तपासायची खोली आहे, तिथं ती लॅब टेक्निशियन होती. लोक सकाळी डॉक्टरांना दाखवायचे आणि दुपारी पुन्हा रक्त द्यायला यायचे. कुरकुर करायचे, पण यायचे. सकाळची दैवशाला कुठं असते, हेही त्यांना ठाऊक होतं.

सकाळची दैवशाला सासूपाशी असायची. उषाबाईंचं अर्धं अंग लुळं पडलेलं. त्यांचं न्हाणं-धुणं, कुशीवर वळवणं, घास भरवणं, सगळं हिच्याकडे. नवरा राजानंद जालना रोडला ट्रकखाली गेला, तेव्हापासून ती दीर बबलू याच्या घरात एका खोलीत, मुलीला घेऊन राहत होती. बबलू वाईट माणूस होता असं म्हणता येत नाही. मारझोड नाही, दारू नाही. फक्त या घरात कोण काय करणार हे तो ठरवायचा, आणि ठरवलेलं जेवताना सांगायचा.

मुलगी तृप्ती बारावीला गेली, तेव्हा त्याने तिचंही ठरवलं.

"वैनी, पोरगी बारावी झाली की बास. ओळखीतलं स्थळ हाये. आपल्याला काय तिला कलेक्टर करायचंय?"

तृप्तीला बायोलॉजी घेऊन पुढे शिकायचं होतं. ती ताटावरून उठून गेली. त्या दिवसापासून दैवशालाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की लेकीला घेऊन इथून निघायचं. जालन्याला जाऊन उपयोग नव्हता, बबलू तासाभरात येऊन घेऊन गेला असता. निघायचं तर लांब.

तिच्याबरोबर कोर्स केलेली एक मैत्रीण ऑस्ट्रेलियात होती. तिनेच सांगितलं की लॅबचं काम येणारी माणसं तिकडे लागतात, व्हिसा मिळतो, मुलीलाही सोबत नेता येतं. पण पंचेचाळिशीच्या आत अर्ज व्हायला हवा. दैवशालाला त्रेचाळिसावं सरत आलं होतं. उषाबाई त्या पावसाळ्यात वारल्या. सुतक फिटल्यावर दैवशाला संभाजीनगरला व्हिसाची कामं करणाऱ्या शीतलच्या ऑफिसात जाऊन बसली.

"माझं काम पूर्ण दिवसाचं न्हाई," तिने आधीच सांगून टाकलं. "चार तासच हाये. चालंन का?"

शीतल पोरगेलीच होती, पण कामाची पक्की. "सुट्टी किती?"

"रविवारी फक्त."

"मग आठवड्याचे चोवीस तास झाले ना ताई. वीस भरले की ते धरतात. पगार बँकेत येतो?"

"येतो."

"मग बिनधास्त राहा. डॉक्टरांकडून अनुभवाचं पत्र आणा. जे आहे ते लिहा म्हणावं, जास्त नको, कमी नको."

दैवशाला एसटीत बसली आणि खिडकीकडे तोंड करून रडली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपलं सगळंच अर्धं. अर्धी नोकरी, अर्धा पगार, दिराच्या घरातली अर्धी जागा. आणि ही पोरगी म्हणत होती, तेवढं पुरतं.

आता आमच्याकडच्या दाखल्यांविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात दाखला लिहिताना कुणी हात आखडता घेत नाही. सरपंच लिहितो, अर्जदारास मी लहानपणापासून ओळखतो, आणि ओळख त्याच सकाळी झालेली असते. मुख्याध्यापक दहा वेळा शाळेतून काढलेल्या पोराला सुस्वभावी, होतकरू, निर्व्यसनी लिहून देतो. कुणाला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. दाखला हा आशीर्वाद असतो, आणि आशीर्वाद मोजून कोण देतं? शंभर वर्षं जग म्हणतात, अडुसष्ट म्हणत नाहीत.

डॉक्टर काकासाहेबांनी लेटरहेड काढलं आणि आशीर्वाद दिला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पूर्णवेळ, वरिष्ठ लॅब टेक्निशियन.

दैवशालाने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"डॉक्टर, व्हिसावाल्यांनी खरं तेच लिहा म्हणलंय. चार तास चालतेत."

"अगं, परदेशात अर्धवेळ म्हणलं की किंमत न्हाई ऱ्हात," डॉक्टर हसले. "आन् तू काय अर्धवेळ होतीस का? घरी एक पेशंट सांभाळून इथं शंभर सांभाळले. माझ्या हिशोबी तू पूर्णवेळच होतीस पोरी. जा, लेकीचं भलं कर."

इथं तिने म्हणायला हवं होतं, की नको, बदलून द्या. तिला ते कळतही होतं. पण ज्या माणसाने कधी खाडा धरला नाही, कधी आवाज चढवला नाही, त्याने दिलेलं परत कसं करायचं? शिवाय, खरं सांगायचं तर, तिला ते आवडलं होतं. तिच्या सकाळच्या कामाला आजवर कुणीच काम म्हटलं नव्हतं, आणि इथं ते शिक्क्यासकट लिहिलेलं होतं.

शीतलने पत्र पाहून भुवया उंचावल्या. "ताई, तुम्ही तर चार तास म्हणाला होता?"

"डॉक्टरांनी लिहिलंय ते बराबर हाये," दैवशाला म्हणाली. ती एवढं एकच खोटं बोलली, आणि तेही डॉक्टरांचा मान राखायला.

इंग्रजीची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली. कागद पुढे सरकत गेले. बबलूला तिने एक दिवस सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ भाकरी मोडत बसला आणि म्हणाला, "व्हिसा आला तर जा. न्हाई आला तर मंग मी म्हणतो तसं." यापेक्षा जास्त तो कधी कुणाला देत नव्हता. तृप्तीने भिंतीवर जगाचा नकाशा लावला.

उन्हाळ्यात डॉक्टर एका लग्नाला नांदेडला गेले होते. दैवशाला चारला दवाखान्यात आली, तर गोजरबाई दारातच उभी. गोजरबाई म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणारी, नाव पुकारणारी, रडणारी पोरं धरणारी. दैवशाला तिला मावशी म्हणायची. मावशीचं तोंड आनंदाने फुललं होतं.

"दैवा, फोन आल्ता! दिल्लीहून, त्या ऑस्ट्रेलियावाल्यांचा. तुझी चौकशी करून राह्यले व्हते."

"कोणी उचलला?"

"मीच उचलला की. डॉक्टर कुठं हायेत? त्यांनी हिंदीत इचारलं, म्या बी हिंदीत सांगितलं. तुझी लई तारीफ केली बघ. म्हणलं, बहुत अच्छी बाई है साब. सुबह सास का सब करती थी, हागमूत तक, और दोपहर को चार बजे बराबर हाजिर. एक दिन लेट नहीं. ते म्हणले, चार बजे? म्या म्हणलं, हौ साब, चार से आठ, इत्ते बरस, घड्याळ लावून घ्या."

दैवशालाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती खुर्चीत बसली.

"काय झालं गं? कमी बोलले का मी?"

"न्हाई मावशी. बराबर बोललात."

पुढं जे झालं ते फार लांबलं नाही. तिकडून विचारणा आली की पत्रात एक आणि फोनवर एक, असं का. दैवशालाने खरं लिहून पाठवलं. बँकेचे उतारे जोडले. डॉक्टरांनी नवं पत्र दिलं, चार ते आठ. पण एकदा खोटं पकडल्यावर खऱ्याला कोण विचारतं? अर्ज फेटाळला. खोटा कागद दिला म्हणून तीन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही.

"तीन वर्षांनी मी सेहेचाळीसची असंन," दैवशाला फोनवर म्हणाली.

शीतल म्हणाली, "ताई, तुमचे चार तास पुरत होते हो." ती रागावली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

बबलूने ते ऐकून घेतलं. बरं झालं म्हणाला नाही, वाईट झालंही म्हणाला नाही. आधीच ठरल्यासारखं रविवारी पाहुणे बोलावले.

रविवारी गोजरबाई मदतीला आली. दैवशाला पोहे भिजवत होती, मावशी कांदा चिरत होती. बाहेर ओसरीवर पाहुण्यांची बोलणी चालली होती, मुलाच्या कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीची, पावसाची. तृप्ती आतल्या खोलीत साडी नेसून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मंग तुमचं जायचं काय झालं गं?" गोजरबाईने विचारलं. "लग्न करून देऊन एकटीच जाती का?"

"न्हाई जायचं मावशी. त्यांनी नको म्हणलं."

मावशीची सुरी थांबली. "का? मी काही वाकडं बोलले का त्या दिशी?"

दैवशालाने तिच्याकडे पाहिलं. सत्तरीची बाई, हातांना फिनेलचा वास कायमचा बसलेला. आयुष्यात एवढ्या लांबच्या माणसाशी ती एकदाच बोलली होती, आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"न्हाई हो. वय जास्त झालं म्हणले माझं."

"वय?" गोजरबाईला खरोखरच राग आला. "चाळिशीची बी दिसत न्हाईस तू! पुन्यांदा फोन आला ना, तर मला दे. मी सांगते त्यांना बराबर."

"देते," दैवशाला म्हणाली.

ओसरीवरून बबलूची हाक आली. दैवशालाने पोह्यांच्या बश्या ट्रेमध्ये मांडल्या, आत गेली आणि तो ट्रे तृप्तीच्या हातात दिला.