सळईला न सापडलेलं सूत

सोलापुरातल्या एका गिरणीत चांगुणाबाई झडतीवाली होती. पाळी सुटली की सुताच्या लड्या गुंडाळणाऱ्या रिळिंग खात्यातल्या बायका फाटकाजवळच्या खोलीत एकेक करून येत, हात वर करत. चांगुणाबाई अंबाडा, ओचा, डबा सगळं चाचपून त्यांना सोडी. अकरा वर्षांत तिनं चार जणींना पकडलं होतं. त्यातली एक तिची चुलत जाऊच.

१९७४ साली सुताच्या लड्या भराभर गायब होऊ लागल्या. लेबर ऑफिसर करजगीकरांनी हुकूम काढला: सोमवारपासून बायकांनी लुगडं उतरवून झडती द्यायची.

"ह्ये माज्या हातनं व्हायचं न्हाय, साहेब," चांगुणाबाई म्हणाली.

"अहो, विमानं पळवायला लागल्यापासून विमानतळावर बड्या बड्या लोकांची झडती घेतात. पेपरात येतंय. ते मुकाट्यानं देतात."

"त्येंची कापडं उतरवत्यात व्हय? आन् त्येंच्या ट्रंका तशाच जात्यात?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सोमवारी तुम्ही नाही केलं, तर दुसरी बाई ठेवीन."

साहेबांच्या खोलीबाहेर रिळिंग खात्यातली चंद्रव्वा लडीवाली थांबली होती. "माज्या लुगड्यात सूत न्हाय, नुसती ठिगळं हायती. मोजून घे म्हणावं! पर तू जाऊ नगंस गं. दुसरी आली तर आमचं काय?"

चांगुणाबाई दोन दिवस फाटकावर डोळे लावून बसली. बायकांखेरीज बाहेर काय जातं? वाया गेलेल्या सुताची पोती. दर शनिवारी बैलगाडीतून. फाटकावरचा गुरप्पा जमादार प्रत्येक पोत्यात पाच वेळा लोखंडी सळई खुपसायचा आणि गाडी सोडायचा. कधीकाळी लोक चुलीसाठी सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी पोत्यातून नेत, तेव्हापासूनची ही पद्धत. सळई लाकडाला लागली की खट् वाजे. मऊ सुतात मऊ सूत असेल तर काय वाजणार?

शनिवारी सकाळी ती साहेबांपुढं उभी राहिली. "तुमच्या डोळ्यांदेखत तीन लड्या पोत्यात घालते. आदी कागदावर सही द्या, न्हायतर मीच चोर ठरंन."

करजगीकरांनी सही दिली.

गुरप्पानं त्या पोत्यात सळई पाचदा खुपसली. "होगली, जाऊ दे!" म्हणून गाडीवानाला हात केला. गाडी फाटकाबाहेर पडताच साहेबांनी ती थांबवली. पोतं उसवलं, तिन्ही लड्या बाहेर आल्या. गुरप्पाचा चेहरा पडला.

"पण यावरून एवढंच दिसतं, की सूत असं जाऊ शकतं," साहेब म्हणाले. "जातंच, असं नाही."

"मग उरलेली आठ पोती उसवा."

"भर रस्त्यात?"

"बाया भर फाटकात हात वर करत्यात की!"

तिनं पदर खोचला आणि स्वतःच सुतळी तोडायला घेतली. पहिल्या पोत्यात कचरा. दुसऱ्यात कचरा. चौथं रिकामं झालं तेव्हा बघ्यांतला एक जण ओरडला, "मावशी, कापूस पिंजायला बसलीस का?" ती थांबली नाही. तिच्या नाकातोंडात तंतू गेले होते, बोटं सोलली होती. पाचव्यातही कचराच निघाला. पोती नेणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम मोठ्यानं हसला.

सहाव्यातल्या गुंत्यात तिचा हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. अकरा वर्षं चाचपणाऱ्या बोटांना चांगल्या सुताचा पीळ ओळखता येत होता. तिनं बाहेर काढलेल्या गठ्ठ्यात चाळीस कोऱ्या लड्या होत्या. मुकादम आता हसत नव्हता.

साहेबांनी फाटकावर लावलेला हुकमाचा कागद स्वतःच्या हातानं फाडून टाकला. "झालं तुमच्या मनासारखं?"

"न्हाय. पोती माज्यासमोर उसवायची. दर शनिवारी, सगळी."

"दर शनिवारी? कामाचा खोळंबा होईल."

"बायकांची झडती रोज व्हती. तवा खोळंबा व्हतो म्हणून कुणी म्हणलं न्हाय."

करजगीकरांनी गुरप्पाकडं पाहिलं. गुरप्पानं सळई भिंतीला टेकवली आणि सातव्या पोत्याची सुतळी तोडू लागला.