भावजींची अर्धपोटी बॅटरी

आमच्या थोरल्या भावजींइतके बॅटरीचे लाड करणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात नसेल. नंजनगूडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि बॅटरीवरची छोटी विमानं उडवायला लागले. पण विमानापेक्षा बॅटरीचीच देखभाल जास्त. चार्जिंगला लावायची ती अंगणात, वाळूच्या कुंडीत, आणि शेजारी स्टूल टाकून स्वतः राखण बसायचे. "भावजी, आमटी गार झाली," म्हटलं तर म्हणायचे, "होऊ दे. ही गरम झाली तर पंचाईत." त्यांचं गणित मला कधी कळलंच नाही. पूर्ण भरली की लगेच उडवायची, भरलेली ठेवायची नाही. पूर्ण रिकामी तर करायचीच नाही, मरते म्हणे. एरवी अर्धी ठेवायची. मी विचारलं, "मग हिला पोटभर कधी मिळणार?" म्हणाले, "तुझ्या सासूसारखी आहे ती. अर्धपोटीच बरी असते." सासूबाई आतून म्हणाल्या, "ऐकू येतं हं मला."

त्याच सासूबाई यंदा पहिल्यांदा विमान बघायला तयार झाल्या, विजयादशमीला. आदल्या दिवशी आयुधपूजा. चार्जरही पूजेत बसणार, म्हणून भावजींनी एकुलती चांगली बॅटरी आधीच भरून घेतली. सासूबाईंनी तीही उचलून मांडली, कुंकू लावलं, समई जवळ ओढली. पूजेतलं हत्यार सकाळपर्यंत हलवायचं नाही. भावजी चुळबुळले, "आई, दिवा जरा लांब..." "सुम्ने, गप्प बस," त्या म्हणाल्या. भावजींनी पुढे केलेला हात मागे घेतला.

सकाळी बॅटरी पुरीसारखी फुगलेली. मी घाबरून हाक मारली. भावजींनी ती जपून अंगणातल्या वाळूत नेली. सासूबाई नवी साडी नेसून आल्या.

"काय झालं रे तिला?"

"वय झालं, आई." समईचं नावही त्यांनी काढलं नाही.

"मग विमान?"

"आज नाही."

फुगलेली बॅटरी भरलेली टाकायची नसते म्हणे. त्यांनी तिला मोटारीचा जुना दिवा जोडला, हळूहळू सगळी रिकामी व्हायला. मी गोंधळले. हेच तर कधी करायचं नाही ना? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारायचं राहिलं. सासूबाई लांब पायरीवर टेकल्या आणि विमानाऐवजी तो दिवाच बघत राहिल्या.

"छान लागलाय रे."

"हो, आई."

दिवा तांबूस होत होत विझला. दोघंही उठली नाहीत.